जुनी २०७ घरच्या अंगणात दुरुस्त करताना: आधी काय, मग काय, आणि काय करूच नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची २००४ सालची टाटा २०७ डीआय पिकअप फुरसुंगीच्या घराशेजारी दोन वर्षं उभी आहे. सासवडच्या शेतातलं अंजीर आणि सीताफळ मार्केट यार्डात आणायला ती पुन्हा चालू करायची आहे. जमेल ते काम घरीच करायचं आहे. हात लावतोच आहोत तर मागचे पाटे (चाकांवरच्या लोखंडी पानांच्या स्प्रिंगा) वाढवायचे, रुंद टायर टाकायचे, एलईडी हेडलाइट बसवायचे आणि डिझेल पंप थोडा वाढवून ताकदही घ्यायची, असा बेत आहे. सुरुवात इंजिनपासून करू का?

नाही. इंजिन शेवटी.

आधी तुमची वाट बघा. फुरसुंगीहून निघालेली रिकामी गाडी वडकीवरून दिवे घाट चढणार, आणि माल भरलेली गाडी तोच घाट उतरणार. भरलेल्या गाडीला तुमच्या रस्त्यावर मोठा चढ नाहीच, उतार आहे. रिकाम्या हौद्यानं घाट चढायला त्या तीन लिटरच्या डिझेल इंजिनात मुळात आहे तेवढी ताकद पुरून उरते. टनभर माल पाठीशी घेऊन वळणावर थांबता येणं, हे तुमच्या गाडीचं खरं काम आहे. त्यामुळे पैसे आणि वेळ कुठे घालायचा ते घाटाच्या उतारानं ठरवू द्या.

हे मी पोटतिडकीनं सांगतो, कारण तोच घाट मी एकदा ब्रेकशिवाय उतरलो आहे. आधी भोसरीत दुसऱ्याच्या गॅरेजवर आणि मग हडपसरला स्वतःच्या शेडमध्ये, अशी तीस वर्षं मी याच गाड्यांवर काढली. सुरुवातीच्या दिवसांत टोमॅटो भरलेली एक पिकअप खाली आणत होतो. आदल्याच आठवड्यात एका गॅरेजमधून तिच्या ब्रेकचे लायनर नवे घालून आणले होते. अर्ध्या घाटात पेडल मऊ लागायला लागलं आणि शेवटच्या दोन वळणांआधी पार तळाला गेलं. दुसरा गिअर आणि हँडब्रेक यांवर गाडी कशीबशी वडकीला आली. लायनर खरंच नवे होते. ब्रेक ऑइल मात्र कित्येक वर्षांचं जुनं होतं, ते कुणी बदललंच नव्हतं.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येते, डॉट ३ ची तर १४० पर्यंत. घाटात ब्रेक सतत दाबलेला राहिला की ड्रम तापतो, ती उष्णता चाकातला ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलिंडरमध्ये जाते, आतलं पाणी उकळतं आणि वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. तुम्ही पेडल मारता तेव्हा ती वाफच चेपली जाते आणि ड्रमला आतून दाबणारा शू हलत नाही. गाडी थंड झाली की पेडल पुन्हा घट्ट लागतं, म्हणून खाली आल्यावर कुणाला दोष सापडत नाही.

पण पान्याला हात लावण्याआधी कागद बघा. ही मालवाहू गाडी आठ वर्षांच्या पुढची आहे, म्हणजे फिटनेस दरवर्षी लागतो. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फिटनेस फी एप्रिल २०२२ पासून बरीच वाढली आहे. फिटनेस कधी संपला, टॅक्स, पर्यावरण कर आणि विमा किती थकला, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट लागली आहे का, हे सगळं एका कागदावर मांडा. तो आकडा आणि दुरुस्तीचा अंदाज मिळून गाडीच्या किमतीच्या पुढे जात असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. वडिलांची गाडी म्हणून मन ओढतं, ते मला समजतं. तरीही आकडा लिहा.

मग एक पूर्ण दिवस काहीही न उघडता गाडी वाचायची. वही, टॉर्च, मल्टिमीटर आणि हातोडी एवढंच लागतं. ऑइल कुठून गळतंय, कुठला टायर आतून झिजलाय, गाडी एका बाजूला बसलीय का, ते लिहून काढा. सपाट जमिनीवर चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची उंची टेपनं मोजा. डाव्या-उजव्यात दोन बोटांचा फरक असेल तर पाटा तुटलाय, सेंटर बोल्ट कापला गेलाय किंवा चेसिस वाकलीय. चेसिसला हातोडीनं हलकं ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, आतून गंजलेला बद्द वाजतो. पाट्यांचे हँगर जिथे रिबेटींनी (रिव्हेट) ठोकलेत ती जागा आणि केबिनच्या मागचा क्रॉस मेंबर (चेसिसची आडवी पट्टी) विशेष तपासा. तिथे चिखल साचतो आणि दोन पावसाळे उभ्या राहिलेल्या गाडीत गंज तिथूनच आत शिरतो.

चेसिसला तडा दिसला तर ते काम घरचं नाही. वरच्या आणि खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग मारलेल्या चेसिस मी त्याच टाक्याशेजारी पुन्हा तुटलेल्या पाहिल्या आहेत. जाणकार वेल्डर तड्याच्या टोकाला आधी भोक पाडतो म्हणजे तडा पुढे सरकत नाही, मग उभ्या भागावर तिरकी पट्टी चढवतो. त्याच्याकडे गाडी दिली तरी बॅटरीची दोन्ही टर्मिनलं आणि अल्टरनेटरचं कनेक्शन तुम्ही स्वतः काढून ठेवा. वेल्डिंगची अर्थिंग क्लिप कामाच्या अगदी जवळ लावायला सांगा. ती लांब लागली तर करंट व्हील बेअरिंगमधून फिरतो आणि बेअरिंगवर चट्टे पडतात.

अंगणात गाडी उचलायची तर जमीन कशी आहे ते महत्त्वाचं. फरशी नसेल तर जॅकखाली आणि घोड्यांखाली, म्हणजे गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडखाली, जाड लाकडी फळी घाला. आपली काळी माती वरून टणक दिसते, पण एका पावसानंतर वजनाखाली खचते. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक रचून त्याखाली कधीही जाऊ नका, ते आवाज न करता फुटतात. जॅक उचलण्यापुरता असतो. खाली शिरायचं ते घोड्यांवर गाडी बसल्यावर, जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्यावर, आणि घरातल्या कुणाला तरी सांगून.

आता ब्रेक. ड्रम काढल्यावर आतली धूळ फुंकू नका, हवेच्या पाइपनंही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. व्हील सिलिंडरची रबरी टोपी बोटानं उचलून बघा. आत ओल दिसली तर सिलिंडर बदलायचाच. दोन वर्षं उभ्या गाडीत पिस्टन गंजून अडकलेले असतात आणि त्यावर नुसती नवी किट घातली तर सहा महिन्यांत पुन्हा गळती सुरू होते. चाकाजवळच्या रबरी होजकडे कुणी लक्ष देत नाही. ती बाहेरून बरी दिसते, पण आतून फुगलेली असते. पेडल दाबलं की ऑइल पुढे जातं, सोडलं की परत येत नाही आणि एकच चाक ओढत राहतं, तापतं. वीस वर्षांच्या गाडीत सगळ्या होज बदलून टाका. खर्च थोडा आहे आणि त्यावर जीव टांगलेला आहे.

जुनं ऑइल पूर्ण काढून सीलबंद डब्यातलं नवं भरा. अर्धा वापरलेला डबा घेऊ नका, त्यात ओल शिरलेली असते. हवा काढताना पेडलशी जोडलेल्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. एकानं पेडल मारायचं, दुसऱ्यानं चाकामागचं हवा काढायचं निप्पल सोडायचं आणि पेडल वर येण्याआधी निप्पल बंद झालंच पाहिजे. टाकीतली पातळी मध्ये मध्ये बघत राहा. ती खाली गेली की पुन्हा हवा शिरते आणि सगळं काम पहिल्यापासून. शेवटी बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमच्या जोरानं पेडल हलकं करणारा डबा, तपासा. इंजिन बंद असताना पेडल चार-पाचदा मारा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर आणि व्हॅक्यूम पंप ठीक आहेत. उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करणाऱ्यांना हेच कळत नाही, इंजिन थांबलं की व्हॅक्यूमही थांबतो आणि पुढच्या दोन-तीन दाबांत पेडल दगडासारखं होतं.

इथेच पाटे वाढवण्याचा प्रश्न येतो. माझं स्पष्ट मत आहे, वाढवू नका. पाटा वाढवल्यानं चेसिसची, ॲक्सलची किंवा ब्रेकची ताकद कणभरही वाढत नाही. फक्त गाडी बसलेली दिसत नाही, म्हणून माणूस जास्त माल भरतो. जे धक्के पाटे खात होते ते मग हँगरच्या रिबेटी खातात. दुसरी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला एका दांडीनं जोडलेला व्हॉल्व्ह असतो. हौद्यात वजन आलं, मागचा भाग खाली बसला, की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असेल तर दाब कमी करतो, म्हणजे मागची चाकं घसरत नाहीत. तुम्ही पाटे वाढवलेत की भरलेली गाडीही वरच राहते, व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते आणि तो मागचे ब्रेक कमी लावतो. म्हणजे माल जास्त, उतार तोच आणि ब्रेक कमी. तुमच्या गाडीखाली ही दांडी आहे का, ती मोकळी हलते का, की कुणी तारेनं बांधून ठेवली आहे, ते आजच बघा. बांधलेली दांडी मी बऱ्याच गाड्यांखाली पाहिली आहे.

पाटे दमले असतील तर तेवढ्याच संख्येचा नवा किंवा कमान पुन्हा चढवलेला संच घाला. जुने पाटे खोलले की प्रत्येक पान वायर ब्रशनं घासा आणि मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावा. नुसत्या या कामानं गाडी इतकी मऊ चालते की लोक विचारतात काय बदललंस. पाटे ॲक्सलला बांधणारे यू बोल्ट मात्र नवे घ्या. एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाही. शॅकलचे बुश, शॉक ॲबसॉर्बर, स्टीअरिंगचे टाय रॉड एंड यांचंही काम याच वेळी उरकून घ्या. स्टीअरिंगमध्ये ढिलाई आहे का ते बघायला एकानं चाक थोडं थोडं डावं-उजवं हलवायचं आणि दुसऱ्यानं खालून प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा. सैल सांधा हाताला लगेच कळतो.

टायर कंपनीनं दिलेल्याच मापाचे घ्या. रुंद टायरनं स्टीअरिंग जड होतं, पूर्ण वळवल्यावर टायर घासतो आणि फिटनेसच्या वेळी प्रश्न निघतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल परवानगीशिवाय चालत नाहीत. रुंदीपेक्षा भार पेलण्याची क्षमता आणि वय बघा. टायरच्या कडेला शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी जुन्या टायरच्या कडेला भेगा पडलेल्या असतील तर भरलेल्या गाडीला तो वापरू नका.

इंजिनाकडे येऊ. दोन वर्षं उभं असलेलं डिझेल इंजिन चावी फिरवून थेट चालू करणं हा त्याच्यावर अन्याय आहे. बेअरिंगवरचं ऑइल खाली उतरून गेलेलं असतं. आधी ऑइल आणि फिल्टर बदला. क्रँक पुलीचा नट पान्यानं धरून इंजिन हातानं दोन फेरे फिरवा, कुठे अडतंय का ते कळेल. टाकीच्या तळाचा नट सोडून जुनं डिझेल काढून टाका. त्याबरोबर पाणी आणि तपकिरी गाळ येईल. तो गाळ पंपात गेला असता तर पंप आणि नोझल दोन्हींचा खर्च होता. डिझेल फिल्टर नवे घाला, हँड प्रायमरनं पंपापर्यंतची हवा काढा. मग पंपाचा स्टॉप लिव्हर ओढून ठेवून, म्हणजे डिझेल न देता, सेल्फ दहा-दहा सेकंद मारा आणि मध्ये विश्रांती द्या. ऑइल प्रेशरचा दिवा विझला की लिव्हर सोडा आणि चालू करा.

तुमच्या गाडीचा पंप यांत्रिक आहे, म्हणून एवढं घरी जमतं. पुढे कधी कॉमन रेलची नवी पिकअप घेतलीत तर हा हात तिथे चालवू नका. त्या पाइपांत हजार बारपेक्षा जास्त दाब असतो आणि सैल नटातून उडणारं डिझेल कातडीत घुसतं. तुमच्या इंजिनातही नोझल बाहेर काढून हातासमोर फवारा बघायचा नाही.

धूर वाचायला शिका. थंड इंजिनाचा थोडा पांढरा धूर चालतो, पण गरम झाल्यावरही पांढरा आणि गोडसर वास असेल तर हेड गॅस्केटमधून कूलंट आत जातंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पंपाचा स्क्रू वाढवून ताकद घ्यायची म्हणता, ती ही काळी ताकद. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, त्यामुळे न जळलेला भाग धुरातून बाहेर जातो, पिस्टनचं तापमान चढतं आणि पीयूसीत धुराची घनता नापास होते. त्याऐवजी नोझल डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या पंपरूममध्ये तपासून घ्या, एअर फिल्टर बदला, टॅपेट (व्हॉल्व्हचं अंतर) फिलर गेजनं लावा आणि क्लच तपासा. गेलेली ताकद तिथेच सापडते. सिलिंडरचं कॉम्प्रेशन डिझेलच्या गेजनं मोजून घ्या. चारही आकडे एकमेकांजवळ असतील, तीन बारच्या आत, तर इंजिन उघडायचा आग्रह कुणाचाही ऐकू नका.

गरम होण्याबद्दल एक सवय मला फार खटकते. गाडी तापते म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकायचा. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन हव्या त्या तापमानाला पोचायला उशीर होतो, डिझेल जास्त लागतं, सिलिंडरचे लायनर लवकर झिजतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करत असतो. तो काढला की पाणी रेडिएटर टाळून आतल्या आत फिरतं आणि गाडी जास्तच तापते. तापण्याचं कारण बहुतेकदा रेडिएटरमध्ये असतं. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं ओतल्यानं नळ्यांत क्षार बसतात. रेडिएटर काढून साफ करून घ्या, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा, आणि कॅप नवी घ्या. पुण्याच्या उंचीवर उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. चांगली कॅप दाब धरून ती मर्यादा वीसेक अंशांनी वर नेते. सैल कॅपमुळे चांगलं इंजिन घाटात वाफ सोडतं.

हेडलाइटचं काम मात्र आवर्जून करा, हीच मला मान्य असलेली खरी सुधारणा. पहाटे तीनला सासवडहून निघणाऱ्याला उजेड पाहिजेच. पण एलईडी बल्ब नको. जुन्या रिफ्लेक्टरचा आकार हॅलोजनच्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीचा उजेड वेगळ्या ठिकाणाहून निघतो, तो रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आधी मल्टिमीटर घ्या, इंजिन चालू ठेवून बॅटरीवर आणि मग थेट बल्बच्या टोकाशी व्होल्ट मोजा. बॅटरीवर साडेतेरा आणि बल्बवर अकरा, असा फरक जुन्या गाड्यांत सर्रास निघतो. त्या अडीच व्होल्टमध्ये उजेड जवळजवळ निम्मा होतो, कारण व्होल्टेज घटतं त्यापेक्षा प्रकाश खूप वेगानं घटतो. सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून आणि बारीक वायरीतून फिरून येतो, हे त्याचं कारण. दोन रिले बसवा, बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर थेट रिलेला द्या आणि जुनी वायर फक्त रिले चालवायला वापरा. बल्बची अर्थिंग पत्रा खरवडून नव्यानं घट्ट करा. साधे ६०/५५ वॅटचेच बल्ब त्यानंतर ओळखू येत नाहीत. इंजिन ते चेसिस आणि चेसिस ते बॅटरी या दोन अर्थ पट्ट्याही त्याच दिवशी बदला. सेल्फ मरगळलेला असण्याचं कारण बरेचदा तिथेच असतं.

सामानासाठी नाना पेठ. जुना भाग पिशवीत घालूनच जा, कारण २००४ च्या आसपासच्या गाड्यांत एकाच नावाचे दोन-दोन भाग निघतात. जुन्या बाजारात आरसा, दाराचं हँडल, फाळक्याची कडी, पाने असं खुशाल घ्या. ब्रेक, स्टीअरिंग आणि बेअरिंग यांतलं काहीही तिथून घेऊ नका.

पावसाळ्याआधी चेसिसला जळकं ऑइल मारायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. ते बंद करा. त्यानं रबरी बुश फुगून फाटतात, धूळ चिकटून ओल धरते, आणि पहिल्या पावसात ते ऑइल तुमच्याच विहिरीकडे वाहतं. मे महिन्यात चेसिस धुवा, पूर्ण वाळू द्या, गंज वायर ब्रशनं काढा, रेड ऑक्साइड आणि त्यावर चेसिस ब्लॅक मारा. काढलेलं ऑइल डब्यात साठवून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्या.

डेंटिंग-पेंटिंग आणि सीट यांबद्दल मी काही सांगत नाही, ते तुमच्या आवडीचं. नवे सीटबेल्ट आणि परावर्तक पट्ट्या मात्र आधी लावा: पुढे पांढऱ्या, बाजूला पिवळ्या, मागे लाल.

सगळं झालं की पहिल्या दिवशी माल भरू नका. सकाळी रिकामी गाडी घाटावर न्या, दिवे गावात थांबून गळती बघा, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये खाली आणा. दुसऱ्या फेरीला निम्मा माल. शंभरेक किलोमीटर झाल्यावर यू बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळा. आणि प्रत्येक फेरीत वडकीला उतरल्यावर गाडी कडेला घ्या, चारही चाकांच्या ब्रेकजवळ हात न्या, टेकवू नका. चारांपैकी एक जास्त तापलेला असेल तर ते चाक ओढतंय. एक अगदी थंड असेल तर तिथला ब्रेक लागतच नाहीये. त्या दिवशी भरलेली गाडी पुन्हा घाटावर नेऊ नका, घरी आणून तेच चाक आधी उघडा.